गावचा पुढारी नको, रात्री जिच्या दारात लोक येतात ती बाई शोधा

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मिशनच्या दवाखान्यातले, चार-पाच जणांची टीम आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी आणि गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या 'लीडर' लोकांना बोलवून पाच दिवसाचं प्राथमिक आरोग्याचं ट्रेनिंग द्यायचंय, तीस जणांची नावं सरपंचांकडून आलीत, आणि सिलॅबस काय ठेवू, पुस्तक कुठलं वाटू असं विचारलंय. मी नर्स, मिशन हॉस्पिटलातच शिकलेली, नोकरीतली तीस वर्षं वॉर्डापेक्षा जीपमध्ये आणि चावडीवर जास्त गेली, त्यामुळं उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

सिलॅबसचं नंतर बघू. आधी ते तीस जण कोण ते सांगा.

आमच्या पहिल्या ट्रेनिंगला बावीस जण आले होते, सगळी पांढरी कापडं, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, एक पोलीस पाटील, दोन मास्तर. पाच दिवस नुसता आदरसत्कार, जेवण चांगलं होतं, शेवटच्या दिवशी हार, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. बाया किती, तर दोन, आणि त्यातली एक स्वयंपाकाला आलेली. दीड महिन्यानं मी एकेका गावात चक्कर टाकली तर ओआरएसची पाकिटं सीलसकट कपाटात आणि सर्टिफिकेट मात्र फ्रेम करून भिंतीवर, गणपतीच्या शेजारी. चेअरमन साहेब म्हणाले, "आवं सिस्टर, पोराला हगवण लागली म्हणून बाई माझ्या दारात यील व्हय?" खरंच की. रात्री दोन वाजता पोर तापानं फणफणलं तर सून चेअरमनच्या वाड्यावर जात नाही. आणि त्याच बॅचमधला एकजण पुढं शेजारच्या गावात पिशवी घेऊन इंजेक्शनं टोचत फिरायला लागला, आमचंच सर्टिफिकेट दाखवून. त्याची लाज मला अजून आहे.

त्याच फेरीत एका धनगरवाड्यावर मी पाणी प्यायला थांबले आणि सहज विचारलं, इथं कोण आजारी पडलं तर आधी कुणाला हाक मारता? तिथली म्हातारी म्हणाली, "आमच्यात काय बी झालं तरी पयलं आक्कीकडंच जात्यात की." ही आक्की म्हणजे चाळिशीची, शेळ्या राखणारी, अक्षरओळख शून्य, कुठल्याही कमिटीवर नाही. पण वाड्यावरची निम्मी बाळंतपणं तिच्या हातानं झालेली आणि कुणाच्या घरात मीठ संपलंय हे पण तिला माहीत. पुढच्या बॅचला मी हट्टानं तिला घेतलं. ऑफिसातले म्हणाले, निरक्षर बाई काय शिकणार. त्यावरचं पुढं सांगते.

म्हणून माझं म्हणणं, ती यादी बाजूला ठेवा. सरपंचांना दुखवू नका, त्यांना उद्घाटनाला बोलवा, नारळ फोडू द्या, गाडी लागली तर तेच देणार आहेत. पण ट्रेनिंगला कोण बसणार हे ठरवायला तुमच्यातल्या दोघांनी प्रत्येक वस्तीवर एक रात्र मुक्काम करा. पाच-सहा घरी वेगवेगळं विचारा, शेवटचं कोण आजारी पडलं, तेव्हा कुणाला उठवलं. तीन घरांतून एकच नाव आलं की ती तुमची लीडर. मग ग्रामसभेत किंवा वाडीच्या बैठकीत ते नाव लोकांच्याच तोंडून वदवून घ्या, नाहीतर ती "मिशनवाल्यांची बाई" होऊन बसते आणि तिचं कोणी ऐकत नाही.

हे काही माझं डोकं नाही हो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं १९७० साली काम सुरू केलं, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, म्हणजे तुमच्याच परंपरेतले. शिकलेल्या नर्सेस खेड्यात राहतील हा हिशोब काही जमला नाही, मग त्यांनी गावातल्याच बाया घेतल्या, बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित. त्या बायांना दर आठवड्याला जामखेडला बोलवायचे, एकत्र जेवण, एकत्र झोपणं, म्हणजे जात पण हळूहळू गळून पडायची आणि शिकणं पण व्हायचं. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. त्यातला "दर आठवड्याला" हा शब्द नीट बघा, कारण तुम्ही म्हणताय पाच दिवस. त्याच्याही आधी मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ ला हॉस्पिटल उभारलं आणि तीनेक वर्षांतच इथल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली, कारण एकट्याच्या हातानं हा मुलूख पुरा पडणार नाही हे त्यांना कळलं होतं. मिशनच्या डॉक्टरनं शिकवणं ही आपल्याकडं सव्वाशे वर्षांची जुनी गोष्ट आहे, फक्त कुणाला शिकवायचं ते दरवेळी नव्यानं ठरवायला लागतं.

आता आपल्या भागात अजून काही माणसं आहेत ज्यांच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. दूध संस्थेचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी किटली घेऊन त्याच्यासमोर उभं राहतं. कुणाची किटली दोन दिवस आली नाही, कुणाची सून माहेरी बाळंतपणाला गेली, कोण खोकतंय, सगळं त्याच्या वहीत नसलं तरी डोक्यात असतं. आम्ही एका सेक्रेटरीला एवढंच शिकवलं की दोन आठवड्याच्या वर खोकला असणाऱ्याला थुंकी तपासायला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठव, बास. त्यानं पुढच्या काही महिन्यांत जेवढे टीबीचे संशयित पाठवले तेवढे आमच्या अख्ख्या टीमनं पाठवले नव्हते. दुसरा माणूस म्हणजे वडापवाला, गावातली शेअर जीप चालवणारा. सिरीयस पेशंट आधी त्याच्याच जीपमध्ये पडतो, त्याला झटका आलेल्या माणसाला कुशीवर कसं झोपवायचं, बाळंतिणीला कसं आडवं न्यायचं, कुठल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो हे माहीत पाहिजे. तिसरा म्हणजे देवरशी, मंत्र-अंगारा करणारा, आणि इथं तुमच्यातले काही जण नाक मुरडतील.

साप चावला की अजून लोक आधी देवरशाकडं जातात. त्याच्याशी भांडून काही होत नाही, मी भांडून बघितलंय. एका देवरशाला शेवटी म्हणाले, मामा, तुमचा मंत्र बंद करा असं मी म्हणत नाही, पण तो गाडीत बसून म्हणा. हसला. पण पुढच्या पावसाळ्यात खरंच तो पेशंटबरोबर जीपमध्ये बसून आला, अंगारा लावलेला, ओठ हलतायत, आणि पेशंट वेळेत पोचला. मला तेवढं पुरं होतं.

साप हा आपल्या पश्चिम भागातला मोठा विषय आहे, भातलावणी, ऊस, गवत कापणं, आणि जमिनीवर झोपणं, म्हणून ह्याला अर्धा दिवस तरी द्या. शिकवायचं थोडंच, पण शंभर वेळा घोकून. करकचून दोरी बांधायची नाही. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. हातापायातल्या बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण आधी काढायचे, कारण सूज चढली की ते रुततात. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा फळी लावून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, वेळ लक्षात ठेवायची आणि जिथं सापाचं औषध आणि डॉक्टर दोन्ही आहेत तिथं थेट न्यायचं. साप मारून आणायची गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. आणि मण्यारीचं वेगळं सांगा, हे लोकांना माहीतच नसतं. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, कित्येकदा खूण पण सापडत नाही, पहाटे माणूस पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणून उठतो आणि पापण्या जड होऊन खाली पडायला लागतात. ह्याला लोक अपचन समजून सोडा पाजतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे असा उठला तर साप धरूनच चाला, हे वाक्य मी प्रत्येक बॅचकडून पाठ करून घेते.

हगवणीकडं येते. ओआरएस सगळ्यांना माहीत आहे असं आपल्याला वाटतं. १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव कॅम्पात कॉलरा पसरला, सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं आणि पाजायचं काम पेशंटच्या नातेवाईकांवर सोपवलं, तर तीस टक्क्यांच्या घरातलं मरण चार टक्क्यांच्या खाली आलं. अडाणी माणसाच्या हातानं हे काम होतं का, ह्याचं उत्तर तिथं मिळालेलं आहे. पण शिकवताना चूक केली तर हेच पाणी घातक. आमच्याकडं एका घरात प्रमाण उलटं झालं, सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर, पोराला आधीच जुलाब, त्यात हे. पोर वाचलं, पण चार दिवस ॲडमिट होतं आणि त्याच्या आईनं नंतर माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. चूक तिची नव्हती, मी फळ्यावर लिहून शिकवलं होतं आणि तिला वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी पाकीटच शिकवते, एक पाकीट एक लिटरला, आणि लिटर म्हणजे किती हे दाखवायला पाण्याची लिटरची रिकामी बाटली सगळ्यांना घरून आणायला लावते कारण प्रत्येकाचा तांब्या वेगळा. अर्धं पाकीट अर्ध्या बाटलीला असले हिशोब करू देत नाही. घरचं पाणी शेवटचा उपाय म्हणून, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, आणि पाजायच्या आधी स्वतः चाखायचं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. हे चाखणं बाया कधी विसरत नाहीत, आमटीचं मीठ त्या रोज चाखतातच की. दोन वर्षाच्या आतल्या पोराला प्रत्येक पातळ शी नंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं, ओकलं तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण बंद करायचं नाही, सासू कितीही ओरडू दे. आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, सहा महिन्याच्या वरच्याला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्याच्याला १०, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. जुलाबात रक्त दिसलं, पोर पाणी धरेना, डोळे खोल गेले, मलूल पडलं, झटका आला की चमचा ठेवायचा आणि गाडी बोलवायची.

आता त्या आक्कीचं सांगते. लहान पोरांच्या न्यूमोनियात श्वास मोजायला लागतात, दोन महिन्याच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास, एक ते पाच वर्षं चाळीस, तेवढं किंवा त्याच्या वर गेलं की धोका. आक्कीला दहाच्या पुढं नीट मोजता यायचं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अशाच बायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन केलं होतं, दर दहा श्वासाला एक मणी सरकवायचा. आमच्याकडं ते नव्हतं, आम्ही तिच्या जुन्या माळेतले मणी दोऱ्यात ओवले आणि एका मिनिटासाठी शाळेतल्या पोराला घड्याळ घेऊन शेजारी बसवलं. शेळ्या मोजणारी बाई ती, तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा बरोबर मोजायला लागली. छातीचा पिंजरा आत ओढला जातो ते तर तिनं मला न सांगता ओळखलं, म्हणाली, "करडाचं बी असंच हुतंय." त्याच बॅचमधले ग्रॅज्युएट झालेले एक सद्गृहस्थ बाळाच्या पोटाकडं बघायचं सोडून घड्याळाकडं बघत होते. बंग दांपत्याच्या कामात गावातल्या शिकवलेल्या बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलंय ते, तुम्ही वाचलं असेलच. आमच्या ऑफिसातल्या त्या साहेबांनी वाचलं नव्हतं.

बाळंतपण आणि नवजात बाळ ह्यावर तुम्हाला मी काय सांगू, फक्त एवढंच, शिकवताना "चुकीच्या रूढी" असा फळा लावू नका. दाईला तिच्या पद्धती आधी सांगू द्या, अंग चोळणं, शेक देणं ह्यात काही चांगलं असतं त्याचं कौतुक करा आणि मग नाळेला राख-हळद-शेण काही नको, लगेच आंघोळ नको, गुटी-मध नको, पहिला चीक फेकायचा नाही, तासाभराच्या आत पाजायचं, बाळ कोरडं पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावायचं ह्यावर या. गगनबावड्याच्या पावसात, धुरानं भरलेल्या खोलीत, गार पडणारं बाळ हा खरा शत्रू आहे. आणि घरी बाळंतपण "करायला" कुणाला शिकवू नका, अचानक झालंच तर सांभाळायला शिकवा. रक्त थांबत नाही, वार पडत नाही, झटका आला, डोकं ठणकतंय आणि डोळ्यापुढं अंधारी, पाणी जाऊन वेळ झाला, ह्या पाच गोष्टीत कुणाच्याही परवानगीची वाट बघायची नाही, सासऱ्याची सुद्धा.

औषधांची पेटी छोटी ठेवा, ह्यावर मी जरा खडूस आहे. पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, साबण, गॉज, बँडेज, थर्मामीटर, कुपोषण ओळखायला दंडघेर मोजायची पट्टी, टॉर्च. अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन नाही, सलाईन तर नाहीच. पॅरासिटामॉलचं सुद्धा नीट सांगा, सिरप एकाच नावाचं पण एका बाटलीत पाच मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं आणि दुसरीत २५०, लेबल न बघता तेवढंच टोपण भरलं तर डबल डोस. आम्ही एकच ताकदीची बाटली सगळीकडं ठेवायचो आणि वजनाप्रमाणं टोपणावर नेलपॉलिशनं खुणा करून द्यायचो. डेंग्यूच्या दिवसात तापाला डायक्लो, ब्रुफेन, ॲस्पिरिन नको हे मेडिकलवाल्याला पण बोलवून सांगा, कारण लोक "कडक गोळी" त्याच्याकडूनच मागतात. महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन नसलेल्यानं डॉक्टरकी करणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या सर्टिफिकेटवर "आरोग्य मैत्रीण" असं काहीतरी लिहा, आणि ही व्यक्ती इंजेक्शन देऊ शकत नाही हे मोठ्या मराठी अक्षरात खाली छापा. तुमच्या टीममध्ये परदेशातून आलेले डॉक्टर असतील तर त्यांच्या परवानगीचे कागद आधी बघा, नाहीतर एक तक्रार आली की सगळ्या बायांची मेहनत पाण्यात.

आशाताईंना वगळून हे करायला जाऊ नका. २००५ पासून साधारण हजार लोकांमागं एक आशा आहे, तिच्याकडं आधीच डोक्यावरून पाणी जाईल एवढं काम आणि तुटपुंजा मोबदला, त्यात तुम्ही तिच्या गावात दुसरी बाई उभी केली की ती घाबरणारच. म्हणून पहिली खुर्ची आशाताईला, आणि वाडीवरची बाई म्हणजे आशाचे कान असं नातं ठेवा, आशा मुख्य गावात राहते, चार किलोमीटर वरच्या धनगरवाड्यावर पावसाळ्यात ती रोज पोचत नाही हे तिलाही मान्य असतं. पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आधी जाऊन भेटा, एक दिवस शिकवायला बोलवा. पेशंट रेफर होऊन गेल्यावर "कुणी पाठवलं तुला" म्हणून तिथं हाडतुड झाली तर तुमची बाई परत कुणाला पाठवत नाही, आणि हे मी एका ठिकाणी पाहिलंय, नाव घेत नाही. आम्ही मग रंगीत चिठ्ठ्या केल्या, लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे उद्या, आणि दवाखान्यातल्या सिस्टरनं मागं दोन ओळी लिहून चिठ्ठी परत पाठवायची. परत आलेली चिठ्ठी बाया देवघरात ठेवायच्या.

पाण्याचं फार लांबवत नाही पण २०१९ च्या महापुरानं आम्हाला शिकवलं. पाणी ओसरल्यावर विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात ती बरेचदा कोरडीच ओततात, वर तरंगते, चुना तळाला बसतो. साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, बादलीत आधी पेस्ट, मग पाणी, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं विहिरीत बुडवून हलवायची, तासभर थांबायचं, मग ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या चाचणीला, पिवळा रंग आला पाहिजे. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिच्यातला जोर जातो, मग कितीही टाका. गावचा जलसुरक्षक हे करतोच, पण त्याच्याबरोबर दोन बायांना ओटी टेस्ट शिकवा, रंग आला नाही तर त्या त्याला सोडत नाहीत.

वेळेचं. पाच दिवस सलग नका घेऊ हो. बाईला म्हशी आहेत, धार काढायची असते, ती सकाळी अकराला मोकळी होते आणि चारला परत पाहिजे. महिन्यातून दोन दिवस, अकरा ते साडेतीन, असं वर्षभर घ्या, आणि एका बैठकीला एकच विषय. रोप लावणीच्या दिवसात ठेवू नका, जोतिबाच्या यात्रेच्या आठवड्यात ठेवू नका, कोणी येणार नाही आणि तुम्ही म्हणाल लोकांना इंटरेस्ट नाही. पाचच दिवसाचा फंड असेल तर तेच पाच दिवस पाच महिन्यात वाटा. आणि मजुरी द्या. "सेवा म्हणून या" असं पगारी माणसानं रोजंदारीवाल्या बाईला सांगणं मला कधी पटलं नाही, मिशनमध्ये मी ह्यावरून वाद घातलेत. तिचा दिवस बुडतो, तो भरून द्या, जेवण आणि एसटीचं भाडं वेगळं.

स्लाइड नकोत, लाइट जातेच. बाहुली, पिठाचा गोळा, खऱ्या बाटल्या, खरं पोर (आईला विचारून), आणि नाटक. आमच्या बाया सासूचं काम इतकं फक्कड करायच्या की शिकवायचं राहून जायचं. प्रत्येक बैठकीचा पहिला तास नवीन काही शिकवायचं नाही, मागच्या पंधरा दिवसात काय झालं ते प्रत्येकीनं सांगायचं, कोण आलं, काय केलंस, कुठं अडलीस. खरं शिक्षण तिथं होतं. एकीनं सांगितलं, पोर दगावलं, मी उशिरा पाठवलं, आणि रडायला लागली, त्या दिवशी पुढचा विषय आम्ही घेतलाच नाही.

धर्माचं पण बोलून टाकते, कारण तुम्ही विचारलं नाही तरी गावात विचारणार आहेत. आम्ही प्रार्थना करायचो, पण आमची आम्ही, सकाळी, आमच्या खोलीत. ट्रेनिंगच्या हॉलमध्ये नाही, औषधाबरोबर पुस्तिका नाही. पैसे कुठून येतात ते ग्रामसभेत पहिल्याच दिवशी सांगितलं आणि कागद दाखवले. तुमच्यातल्या एखाद्याला हे कमीपणाचं वाटेल, पण बाई रात्री दार वाजवणाऱ्याला कुठल्या देवाचा ते विचारत नाही, तिच्या वाटेत आपण अडचण उभी करायची नाही.

पुस्तकाचं विचारलंत, तर पहिल्या वर्षी पुस्तक नको. प्रत्येकीला एक वही, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वहीत चित्रं, पोर, गरोदर बाई, खोकला, साप, आणि त्यापुढं रेघा मारायच्या. घरातलं शाळकरी पोर तारीख घालतं. वर्षाअखेरीला किती जण ट्रेनिंगला आले हा आकडा रिपोर्टात लिहायला लागेलच, लिहा, पण स्वतःसाठी दुसरं मोजा. ओआरएसची किती पाकिटं संपली, आणि वाडीतली शेवटची पाच बाळंतपणं कुठं झाली, निघायचं ठरल्यापासून गाडीत बसेपर्यंत किती वेळ गेला. बहुतेक उशीर रस्त्यात नाही, घरात होतो.

पुढच्या आठवड्यात वाड्यांवर मुक्कामाला जाल तेव्हा एक काम आठवणीनं करा. बऱ्याच धनगरवाड्यांवर फोनला रेंज नसते, कुठल्यातरी एकाच टेकाडावर किंवा एखाद्या झाडाखाली येते, आणि रात्री पावसात १०८ ला फोन लावायला पोरगं तिथवर पळतं. ती जागा बघून घ्या, वाट किती मिनिटांची ते चालून बघा, आणि गाडी वरपर्यंत येत नसेल तर खालच्या कुठल्या फाट्यावर थांबते हे त्या बाईला आणि वडापवाल्याला दोघांना समोरासमोर उभं करून ठरवून घ्या. डोली कुणाच्या घरात ठेवलीय ते पण.